आमच्यानंतर याचं कोण?

मंडळी, आमच्या निर्मळमध्ये ज्या घरात मतिमंद मूल आहे (हल्ली 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात, पण आमच्या पिढीच्या तोंडी जुनाच शब्द बसलाय), तिथे एक प्रश्न ठरलेला : आमच्यानंतर याचं कोण? पूर्वी वाडीत चुलते, शेजारी असत. असं पोर विहिरीचं पाणी काढी, नारळ सोली, कुणाच्याही पडवीत जेवे. आता वाड्या मोडल्या, इमारती आल्या, आणि उत्तर मिळतं, "संस्थेत ठेवू."

पण संस्थांचा इतिहास काय सांगतो? फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही! ओरड झाली तेव्हा शस्त्रक्रिया थांबल्या, आणि डॉ. अनंत फडके व इतर कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले. घरी आई जे वर्षानुवर्षं न कंटाळता शिकवते, ते संस्थेला जमेना म्हणून अवयवच काढायचा? वाचून झोप लागली नव्हती.

२००९ मध्ये चंदीगडच्या शासकीय संस्थेत बलात्कार होऊन गरोदर राहिलेल्या एका अनाथ मुलीचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असा निकाल लागला. म्हणजे तिला मत आहे, हे कोर्टाने मान्य केलं. २०१० मध्ये तर आपल्याच जिल्ह्यात (पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला, तेव्हा आपण ठाण्यातच होतो) शहापूरकडच्या कवडासच्या आश्रमात मुलं उपासमारीने दगावल्याची बातमी आली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

कायदा हळूहळू सरकला. १९९५ च्या कायद्यात शिक्षण होतं, नोकऱ्या होत्या. राहायचं कुठे यावर जवळपास काहीच नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने 'आपल्या समाजात, समाजाजवळ' राहण्याचा हेतू मांडला. अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाचा अर्जही त्याच कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो. (त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ऑल्मस्टेड खटल्यात, गरज नसताना संस्थेत डांबणं हा भेदभाव ठरवला.) २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, आणि २०१६ च्या कायद्यात कलम ५ आलं : दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती होऊ नये, घरी मदतनीस मिळावा, यासाठी मात्र शासन 'प्रयत्न करील'. आता प्रगतिपुस्तकावर 'प्रयत्न करतो' हा शेरा आम्ही कुणाला देत असू, ते माझे जुने विद्यार्थी सांगतील!

असो. नातलगांसाठी लिहितोय म्हणून स्पष्टच विचारतो. निर्मळ परिसरात आपल्या नात्यातली तीन घरं कुलूपबंद आहेत, मालक परदेशी. चार मुलं आणि एक पगारी सोबतीण राहील एवढी जागा एकेका घरात आहे. किल्ली द्यायला कोण तयार आहे, ते कळवा.