आठ आण्यांपासून निविदेपर्यंत : भटक्या कुत्र्यांच्या नियंत्रणाचा निधी व मनुष्यबळ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासलेखनात पाणीपुरवठा, जकात, प्लेगच्या साथी, प्राथमिक शिक्षण व निवडणुका या विषयांना पुरेसे स्थान मिळाले आहे. त्या मानाने भटकी कुत्री पकडणारा कर्मचारी, त्याची गाडी आणि त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघतो हा प्रश्न अभ्यासकांच्या दृष्टीने उपेक्षितच राहिला. वास्तविक रेबीज हा लक्षणे दिसू लागल्यानंतर जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरणारा रोग आहे आणि भारतात तो माणसापर्यंत मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यातूनच पोहोचतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ शहरसौंदर्याचा किंवा भूतदयेचा नसून सार्वजनिक आरोग्याचा व पर्यायाने सार्वजनिक वित्ताचा आहे.

प्रस्तुत लेखात या व्यवस्थेच्या सुमारे दोनशे वर्षांच्या वाटचालीचा निधी व मनुष्यबळ या दोन अंगांनी आढावा घेतला आहे. या काळात धोरण मारण्याकडून नसबंदीकडे वळले. परंतु कामाचा मोबदला नगाप्रमाणे देण्याची रीत मात्र बदलली नाही. परिणामी कुत्रा नियंत्रणाचे कायमस्वरूपी खाते बहुतांश ठिकाणी उभेच राहिले नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनाची कसोटी महानगरात लागत नाही. ती परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याच्या देवगाव फाट्यासारख्या, धड खेडे नाही आणि धड शहरही नाही, अशा ठिकाणी लागते.

१८३२ चा मुंबईतील उठाव

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईत १८१३ च्या नियमान्वये वर्षातील ठरावीक काळात भटकी कुत्री मारण्याची मुभा होती. १८३२ च्या उन्हाळ्यात ही मुदत वाढविण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असे. हे काम करणारे शिपाई कनिष्ठ दर्जाचे होते आणि त्या काळी आठ आणे ही त्यांच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. बक्षिसाच्या आशेने पाळीव कुत्रीही मारली जात असल्याच्या, घरांच्या आवारात शिरून कुत्री ओढून नेली जात असल्याच्या तक्रारी वाढल्या. पारशी समाजाच्या धर्माचारात कुत्र्याला पवित्र स्थान असून अंत्यविधीतील ‘सगदीद’ या विधीत त्याची उपस्थिती आवश्यक मानली जाते. ६ जून १८३२ रोजी पारशी जमावाने या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, किल्ल्यातील सैन्याचा पुरवठा अडला आणि इतर व्यापारी समाजही बंदमध्ये सामील झाले. अखेर सैन्य पाचारण करून शांतता प्रस्थापित करावी लागली.

या घटनेची चर्चा प्रामुख्याने वसाहतवादी सत्ता आणि एतद्देशीय धर्मभावना यांच्यातील संघर्ष म्हणून झाली आहे. ती योग्यच आहे. तथापि प्रशासनाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाब अधिक महत्त्वाची वाटते. या कामासाठी वेगळे खाते, प्रशिक्षित माणसे वा निश्चित वेतन नव्हते; होता तो केवळ दर. ज्याला नगाप्रमाणे पैसे मिळतात तो पिसाळलेला कुत्रा शोधत बसत नाही. जो सहज हाती लागेल तो पकडतो, आणि सहज हाती लागणारा कुत्रा बहुधा माणसाळलेला, म्हणजेच कोणाचा तरी असतो. उठावाचे बीज धर्मभावनेइतकेच या दरातही होते.

उठावानंतर सर जमशेटजी जिजीभॉय यांच्यासारख्या धुरीणांनी पुढाकार घेतला आणि १८३४ मध्ये मुंबईत पांजरापोळ स्थापन झाली. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत उभी राहिली आणि १८८३ मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय परळ येथे सुरू झाले. अशा रीतीने भटक्या प्राण्याच्या सांभाळाचा भार शासनाच्या तिजोरीऐवजी दानशूरांच्या देणगीवर गेला. पकडण्याचा खर्च दराने आणि सांभाळण्याचा खर्च धर्मादायातून, ही विभागणी तेव्हापासून रूढ झाली.

कोंडवाडा आणि कुत्रा

याच शतकातील दुसऱ्या एका व्यवस्थेशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होतो. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने ब्रिटिश मुलखात कोंडवाड्यांची व्यवस्था पक्की केली. शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे, मालकाकडून दंड व खावटीचा खर्च वसूल करायचा आणि मालक न आल्यास जनावराचा लिलाव करायचा, ही पद्धत मराठी खेड्याला अगदी परिचित आहे. कोंडवाडा सांभाळणाऱ्याचा मेहनताना निघण्याची सोय त्या व्यवस्थेतच होती. गुराला मालक असतो आणि बाजारात किंमतही असते.

भटक्या कुत्र्याला यांपैकी काहीच नाही. त्याचा दंड कोणी भरत नाही आणि त्याला लिलावात बोली लागत नाही. कायद्याने महसुलाची एक वाट ठेवली आहे, ती पाळीव कुत्र्यांवरील कराची. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने हा कर ऐच्छिक करांच्या यादीत ठेवला. परंतु ऐच्छिक कर बसविण्यास सभागृह सहसा उत्सुक नसते आणि बसविला तरी त्याची वसुली तुटपुंजी राहते. शिवाय ज्या कुत्र्यासाठी खर्च करायचा त्याला मालक नाही आणि ज्याला मालक आहे त्याच्यापासून उपद्रव तुलनेने कमी. अशा स्थितीत हे काम सर्वसाधारण निधीतून, इतर सर्व खर्च भागल्यानंतर उरेल त्यातून करण्याचे ठरते.

संविधानातही या भेदाचे प्रतिबिंब दिसते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत कोंडवाडे व प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नमूद आहे. ७३ व्या दुरुस्तीने आलेल्या, पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत मात्र असा स्वतंत्र विषय नाही. तेथे पशुसंवर्धन आहे, आरोग्य व स्वच्छता आहे. भटका कुत्रा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहतो.

मारण्याकडून नसबंदीकडे

१९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाने भटकी कुत्री विहित पद्धतीने मारण्यास अपवाद म्हणून मुभा ठेवली होती. प्रत्यक्षात अनेक लहान नगरपालिकांत विषप्रयोग हीच स्वस्त पद्धत होती आणि ते काम सफाई कर्मचाऱ्यांकडूनच करून घेतले जाई. ज्यांच्या कामाला समाजाने आधीच हलके ठरविले होते, त्यांच्याच माथी हे आणखी एक काम आले. त्यासाठी वेगळे पद नव्हते, वेगळे वेतनही नव्हते. म्हणूनच आस्थापनेच्या कागदांत या श्रमांची नोंद शोधणे कठीण जाते.

मारण्याने संख्या घटत नाही, मोकळ्या झालेल्या जागी नवी कुत्री येतात, हा अनुभव सर्वत्र येत होता. मुंबईत १९९४ पासून नसबंदीचा मार्ग स्वीकारला गेला आणि चेन्नईत १९९६ मध्ये. डिसेंबर २००१ मध्ये केंद्र शासनाने कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम अधिसूचित केले. या नियमांतील मनुष्यबळाची तरतूद लक्षणीय आहे. पुरेसे कोंडवाडे, उताराची फळी असलेल्या गाड्या, प्रत्येक गाडीमागे एक चालक व दोन प्रशिक्षित पकडणारे, फिरते शस्त्रक्रिया वाहन आणि भस्मीकरण यंत्र ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरविण्यात आली. कागदावर का होईना, पण या खात्याचा आकृतिबंध राष्ट्रीय पातळीवर प्रथमच नियमबद्ध झाला.

मात्र त्याच नियमांत प्राणीकल्याण संस्थांना नसबंदी व लसीकरणाच्या संख्येनुसार, समितीने ठरविलेल्या दराने, दर पंधरवड्यास खर्चाची प्रतिपूर्ती करण्याचीही तरतूद होती. आकृतिबंधातील पदे भरण्यासाठी मंजुरी, अर्थसंकल्प व निवृत्तिवेतनाचा भार लागतो. दराने काम देण्यासाठी केवळ निविदा पुरते. दोन पर्यायांपैकी नगरपालिकांनी कोणता निवडला असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. देयक मंजूर करण्यापूर्वी शस्त्रक्रियेत काढलेले अवयव मोजण्याची पद्धतही रूढ झाली. १८३२ मध्ये मेलेली कुत्री मोजली जात, आता अवयव मोजले जातात. हेतू पूर्णपणे बदलला असला तरी हिशेबाची रीत तीच राहिली.

नगाप्रमाणे मोबदल्याची मर्यादा

या पद्धतीचा दोष कोणा संस्थेच्या अप्रामाणिकपणात शोधण्याचे कारण नाही. तो पद्धतीतच आहे. रेबीजचा प्रसार रोखण्यासाठी एखाद्या क्षेत्रातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण सातत्याने राखावे लागते. पहिली निम्मी कुत्री पकडणे सोपे असते. उरलेली सावध असतात, रात्री फिरतात, गावाबाहेर राहतात. त्यांना पकडण्यास दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. दर मात्र तोच. ज्या टप्प्यावर कामाचा खरा लाभ सुरू होतो, नेमक्या त्याच टप्प्यावर दराने काम करणाऱ्याला ते परवडेनासे होते. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने निविदेची मुदत संपून नवी निघेपर्यंतच्या खंडात आधीचे बरेचसे काम वाया जाते.

गोव्याचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे राज्य शासनाच्या सहभागाने दरवर्षी ठरावीक पथकांनी गावोगाव फिरून लसीकरण केले, सर्वेक्षण व रेबीजसाठी स्वतंत्र संपर्क यंत्रणा ठेवली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. २०२१ मध्ये गोवा राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. लहान राज्य व बाहेरील संस्थेचे साहाय्य या बाबी त्यास अनुकूल होत्या हे मान्य केले, तरी मोबदला क्षेत्र पूर्ण करण्याशी जोडलेला असला की काम पूर्ण होते, हा त्याचा बोध दुर्लक्षिता येणार नाही.

फाट्याचा प्रश्न

मराठवाड्यात या प्रश्नाला वेगळी धार येते. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेल्या या प्रदेशात नागरी संस्थांचा आर्थिक पाया मुळातच कमकुवत होता. १९९९ मध्ये नगरपरिषद क्षेत्रातील जकात रद्द झाल्यावर सेलू, जिंतूर यांसारख्या नगरपरिषदांचे शासकीय अनुदानावरील अवलंबित्व वाढले. परभणी येथे महानगरपालिका २०११ मध्ये अस्तित्वात आली.

देवगाव फाट्यासारखे ठिकाण याही चौकटीबाहेर आहे. फाटा म्हटला की रस्त्यांचा संगम, एसटीचा थांबा, हॉटेले, टपऱ्या, मांस-मासळीची दुकाने आणि रात्री थांबणारी मालवाहू वाहने हे ओघाने आले. कुत्र्यांना लागणारे खरकटे येथे शहराइतके आहे. ते आवरणारी यंत्रणा मात्र ग्रामपंचायतीची आहे. २०२३ च्या नव्या नियमांनुसार जन्मनियंत्रणाचे काम पंचायतींकडेही येते. परंतु पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के पाणी व स्वच्छतेशी बांधील ठेवला आणि उरलेल्या अबंधित निधीतून वेतन व आस्थापना खर्च करण्यास मनाई केली. म्हणजे जबाबदारी आली, पण माणूस नेमण्याची वाट बंद राहिली. केंद्राच्या सुधारित योजनेत प्रतिकुत्रा ८०० रुपये साहाय्य देऊ केले आहे. हाही दरच आहे. पहिला कुत्रा पकडण्यापूर्वी लागणारे शस्त्रक्रियागृह, पिंजरे, वाहन व पशुवैद्य या दरात कोठून उभे राहणार?

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री हटवून ती पुन्हा तेथेच न सोडण्याचा आदेश दिला. त्या आदेशाची अंमलबजावणी अखेर कोणा तरी पगारी माणसाच्या हातूनच व्हायची आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री नोंदली गेली. शेतातून परतणारी मजूर स्त्री आणि थांब्यावर उभे असलेले शाळकरी मूल यांना या आकड्याशी कर्तव्य नसते. लस वेळेवर मिळेल का आणि तोच कुत्रा उद्या पुन्हा चावेल का, एवढेच त्यांचे प्रश्न असतात.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, कुत्रा नियंत्रणाला स्वतःचा महसूल नसल्याने ते नेहमीच शिलकी निधीवर चालत आले. दुसरा, नगाप्रमाणे मोबदल्याची रीत धोरण बदलूनही टिकून राहिली आणि तिने कायमस्वरूपी मनुष्यबळाची जागा घेतली. तिसरा, या रीतीची सर्वाधिक झळ शहराच्या हद्दीबाहेरील फाट्यांना बसते.

यावर उपायही याच इतिहासातून सुचतो. एकट्या ग्रामपंचायतीला वा लहान नगरपरिषदेला हे खाते पेलणारे नाही. एक-दोन तालुके मिळून, जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाशी जोडलेले एक पशुवैद्य, एक चालक व दोन प्रशिक्षित कर्मचारी यांचे वेतनावरील पथक हा किमान आकृतिबंध ठरावा. परभणी येथे १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शस्त्रक्रिया व प्रशिक्षणासाठी त्याचे सहकार्य घेता येईल. मोबदल्याची मोजणी कुत्र्यांच्या संख्येवर न करता लसीकरण पूर्ण झालेल्या गावांवर करावी. मुंबईने १८३२ मध्ये आठ आण्यांचा दर लावून जी किंमत मोजली ती दोन दिवसांच्या दंगलीची होती. आज दरावर भिस्त ठेवण्याची किंमत एखाद्या फाट्यावरील कुटुंब मोजते आणि तिची नोंद कोणत्याही लेखाशीर्षात होत नाही.