गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे चुकीचे निदान
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे चुकीचे निदान म्हणजे हा रोग न ओळखणे, उशिरा ओळखणे किंवा नसताना असल्याचे ठरवणे होय. पॅप चाचणीचा नमुना अपुरा असणे, पेशींच्या तपासणीत चूक होणे किंवा अनियमित रक्तस्राव हा केवळ संसर्ग समजणे, अशी त्याची कारणे असतात.

कायदेशीर उपाय
केवळ निदान चुकल्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. डॉक्टरने अपेक्षित काळजी घेतली नाही, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ मधील व्ही. पी. शांता निकालानुसार सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते. सर्वच रुग्णांना मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करावी लागते. पुरेशा कारणास्तव विलंब माफ होऊ शकतो. तक्रारदाराच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करता येत असल्याने मुळशी तालुक्यातील रहिवाशांना पुणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई करू शकते. भरपाई देत नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपणे व मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. निदानातील चूक अनेकदा उशिरा लक्षात येत असल्याने या नोंदी वेळीच मिळवणे महत्त्वाचे ठरते.