भिवपुरी परिसर : दगडखाणींचे पर्यावरणीय परिणाम

भिवपुरी (ता. कर्जत, जि. रायगड) हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव टाटांच्या जलविद्युत केंद्रामुळे परिचित आहे. १९२२ पासून घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी येथे उतरून वीज देते व पुढे उल्हास नदीला मिळते. मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा या विजेने वाचवला. आज मुंबईच्या बांधकामांना कर्जत-खालापूर पट्ट्यातून दगड जातो.

हा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. कायद्याच्या लेखी गौण खनिज. गोव्यात एक टन लोहखनिजामागे दोन-तीन टन माती टाकून द्यावी लागते. इथे सुरुंगाने फोडलेला डबर क्रशरमध्ये जातो आणि खडी, कच, क्रश सँड असे जवळजवळ सगळे विकले जाते. टाकाऊ मालाचे ढीग दिसत नाहीत, म्हणून नुकसानही फारसे नसावे असा समज होतो. तो चुकीचा आहे.

खरा फटका पाण्याला बसतो. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते भेगांत आणि वरच्या मुरमात साठते. खाण आधी तोच मुरूम खरवडते. मग पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही आसपासचे झरे व विहिरी लवकर आटू शकतात, आणि उघड्या उतारावरची माती ओढ्यांतून भातखाचरांत उतरते. क्रश सँड धुतलेले गढूळ पाणी सोडून दिले, तर तोच गाळ वाढतो. बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका कमी असल्याने सिलिकोसिसचा धोका वालुकाश्माच्या खाणींएवढा नसतो. तरी बारीक धूळ छातीला बाधतेच, आणि डंपरच्या रस्त्यालगतची घरे ती वर्षभर झेलतात.

खाणींना आवर घालणारे नियम आले आहेत. २००३ मध्ये जवळचा माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. २७ फेब्रुवारी २०१२ च्या ‘दीपक कुमार’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. महसुलाचा हिशेब मात्र ब्रासमध्येच (१०० घनफूट) होतो. स्वामित्वधन भरले की काम नियमात बसले, अशी सर्रास समजूत आहे. आटलेल्या विहिरीसाठी त्या हिशेबात रकाना नाही.

२०२३ मध्ये भिवपुरीत १,००० मेगावॉटच्या उदंचन (पाणी पुन्हा वर उपसून वापरणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पासाठी टाटा पॉवरने राज्य शासनाशी करार केला. अशा प्रकल्पांना बोगदे लागतात. त्यांतून निघणारा दगड बांधकामाला वापरल्यास नव्या खाणींची गरज तेवढी घटेल. मात्र बोगद्यांनी भूजलाच्या वाटा किती तुटल्या, हे खोदकामाआधी विहिरींची पातळी नोंदवलेली असेल तरच कळेल.