राजापार्ट कसा उभा राहतो

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात राहुट्या पडतात. तमाशाच्या फडांची ही हंगामापुरती कार्यालयं. बाहेर फडाच्या नावाचा रंगीत फलक, आत सतरंजी, एक टेबल आणि कलावंतांचे फोटो. चैत्र-वैशाख म्हणजे यात्रांचे महिने. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले, सगळीकडून गावांचे पंच येतात, एकेक राहुटी पालथी घालतात आणि आपल्या यात्रेची सुपारी ठरवून जातात. माझ्या तरुणपणी पंच खाली बसले की पैशाचं बोलणं मागाहून निघायचं. आधी विचारणा व्हायची, “राजापार्टला कोण आहे?” आणि त्यामागोमाग, “वग कोणता?”

आमचं शिंप्याचं दुकान. वडिलांनी आणि त्यांच्यानंतर मी फडांचे कपडे शिवले. त्यामुळे पंच ज्या राजापार्टची चौकशी करायचे, तो आमच्या दुकानात अंगावर टाचण्या लावून उभा असायचा. वगातला, म्हणजे तमाशातल्या कथानाट्यातला, राजा, सरदार, सेनापती, पुढच्या काळातला बंडखोर, या सगळ्या भूमिका करणारा नट म्हणजे राजापार्ट. गण, गौळण, बतावणी झाली की वग लागे, तो मध्यरात्र उलटल्यावर, आणि चाले पार पहाटेपर्यंत. बैलगाडीतून आलेलं माणूस तेवढा वेळ जागं ठेवायचं तर मध्यभागी तसाच दणकट योद्धा लागे. तो कसा निवडला जाई आणि कसा घडे, हा आमच्या भागाच्या इतिहासातला मोलाचा तुकडा आहे. किल्ल्यांवर पुस्तकं निघतात, निघावीत. याची मात्र कुणी नीट नोंद केलेली मला दिसली नाही.

मराठीतला योद्धा आधी पोवाड्यात आला. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, तुळशीदासाने तानाजीच्या सिंहगडाचा. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी असे जुने पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले, म्हणून ते आपल्या हाती आहेत. पोवाड्यात शाहीर डफावर थाप मारून योद्ध्याची गोष्ट सांगतो. योद्धा स्वतः समोर नसतो. पेशवाईच्या उतरत्या काळात राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ यांच्या लावण्यांनी तमाशा गाजला. यातले सगनभाऊ धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. ज्याच्या हातात रोज खऱ्या तलवारी यायच्या, तो माणूस आपल्या तमाशाच्या मुळाशी आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढे १८६५ च्या सुमारास उमाजी सावळजकरांनी ‘मोहना-बटाव’ रचला. तो पहिला वग मानतात. पठ्ठे बापूरावांनी (१८६६–१९४५) ‘मिठाराणी’ आणली आणि वग तमाशाचा कणा झाला. इथे एक मोठा पालट घडला. शाहिराने ज्याच्याविषयी सांगायचं तो योद्धा आता स्वतः बोर्डावर आला आणि “मी” म्हणून बोलू लागला. एकदा तो “मी” म्हणाला की त्याला चाल लागली, आवाज लागला, कपडा लागला, शत्रू लागला आणि सोबतीही लागला. जुन्या वगांतली नगरी कुठल्या नकाशावर नसे. तिथला राजा, प्रधान, कोतवाल सगळे कल्पनेतले. त्यामुळे तो योद्धा नटाला मुळापासून उभा करावा लागे.

घडण आवाजापासून सुरू होई. ध्वनिक्षेपक आले त्याआधी गॅसबत्तीच्या उजेडात, उघड्या माळावर, शेवटच्या बैलगाडीपर्यंत शब्द पोचवावा लागे. नाजूक गळ्याचा देखणा तरुण मागे राहायचा आणि रुंद छातीचा, जाड आवाजाचा माणूस पुढे यायचा. मग चाल. ढोलकीच्या तोड्यावर राजापार्ट बोर्डावर येई, तो घाईत कधीच नाही. पहिल्या चार पावलांत प्रेक्षकांना कळायला हवं की हा हुकूम देणारा आहे. चेहऱ्याला मुरदाडशिंग, गालाला लाली, काजळाची मिशी.

मग तो आमच्याकडे यायचा. मापं घेऊन झाली की वडील त्याच्या हातात लाकडी गज द्यायचे आणि म्हणायचे, “उपसा तलवार.” तो हात वर नेई तेव्हा कोट कुठे ओढतो ते वडील बघायचे. साध्या कोटाचा मुंढा बेतला तर योद्ध्याचा हात खांद्याच्या वर जात नाही. गेला तर बगल उसवते. म्हणून बगलेत वेगळी कळी घालायची. छातीला अस्तराच्या आत कापसाची पातळ घडी, म्हणजे खोकणारा, उपाशी माणूसही भरदार दिसतो. राजापार्टला लाल किंवा जांभळी मखमल, खलनायकाला काळी. नवी जर घेणं फडाला परवडायचं नाही, तेव्हा जुन्या शालूचे काठ उसवून बाह्यांना लावायचे. गॅसबत्तीपुढे ते सोन्यासारखे चमकत. तलवार लाकडाची, वर बेगड.

वडिलांचा एक नियम मी शेवटपर्यंत पाळला. प्रत्येक शिवणीत आत दोन बोटं कापड सोडायचं. कलावंत हंगामाआधी मालकाकडून उचल घेतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या फडात जाऊ शकतात. कोट मात्र मालकाकडेच राहतो. नवा राजापार्ट जाड असेल, बारीक असेल. शिवण उसवून त्याच्या अंगाला बसवता आली पाहिजे. त्या कोटासोबत भूमिकाही हातची हाती जाई. आधीच्या नटाने कुठल्या वाक्यावर टाळी घेतली, कुठे थांबला, पगडी कधी काढली, हे नव्याला जुने झीलकरी, म्हणजे मागे सूर धरणारे, सांगत. असा एकेक योद्धा चार-पाच माणसांच्या कष्टांतून घडत गेला.

पण कपडा आणि आवाज यांनी राजापार्ट अर्धाच होई. उरलेला अर्धा सोंगाड्याच्या हाती. वगात राजाचा शिपाई किंवा हुजऱ्या म्हणून सोंगाड्या असतो आणि तो राजाला सारखा टोकतो. राजा म्हणतो, मी सात समुद्र जिंकले. सोंगाड्या विचारतो, मग घरात धान्य का नाही? त्या प्रश्नावर राजापार्ट डगमगला तर योद्धा कोसळला, आणि चिडून ओरडला तरी कोसळला. हसणाऱ्या लोकांना हसू देऊन, मग एका वाक्यात सगळा तंबू गप्प करणारा तो खरा. ही वाक्यं पूर्वी लिहिलेली नसत. फडाचा सरदार संध्याकाळी कथानक सांगे: राजा शिकारीला जातो, प्रधान फितूर होतो, राणीला वनवास घडतो. बाकीचं ज्याने त्याने बोर्डावर उभं राहून रचायचं. समोरच्याच्या शब्दाला तिथल्या तिथे शब्द.

माझा नातू पुण्यात शिकतो. तो आणि त्याचे मित्र टेबलाभोवती बसून असाच एक खेळ खेळतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ त्याचं नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली तो काढला. एकजण कथानक सांभाळतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्यात शिरतात, आणि वार लागला की नाही ते फासे ठरवतात. सुटीत आला तेव्हा कागद पुढे ठेवून त्याने मला विचारलं, “आबा, मला योद्धा घ्यायचाय. ताकद जास्त ठेवू का चपळाई?”

मी त्याच्याशी संध्याकाळभर बोललो, कारण हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. त्याला म्हटलं, ताकदीचे आकडे मागून भर. आधी तुझ्या योद्ध्याने कुणाला शब्द दिलाय ते लिही. मग त्याला सगळ्यांत जास्त कोण टोकतो ते लिही, कारण तोच त्याचा सोंगाड्या. आणि तो कुठल्या गोष्टीपुढे मान तुकवतो तेही लिही. वगातल्या राजाचं बळ लोक घटकाभरात विसरत. त्याने बहिणीला, रयतेला किंवा मरणाऱ्या बापाला दिलेला शब्द पहाटेपर्यंत लक्षात ठेवत. त्याच शब्दासाठी राजापार्टने मुकुट उतरवून ठेवला की बायका पदर डोळ्यांना लावत. नातवाने ते तीन रकाने भरले आणि मगच आकड्यांकडे वळला.

आमच्या मुलखात ऐतिहासिक वग करणं सर्वांत अवघड. समोर बसलेल्या माणसाने शिवनेरी रोज पाहिलेला असतो. ३० एप्रिल १६५७ च्या रात्री शिवरायांच्या माणसांनी दोरीच्या शिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला आणि तीन लाख होन नि दोनशे घोडे नेले, हे इथल्या कितीतरी म्हाताऱ्यांना तोंडपाठ. जीवधन, चावंड, हडसर, नारायणगड ही नावं चुकली किंवा एखाद्या मावळ्याने भलत्याच दिशेला हात करून नाणेघाट दाखवला, तर लोक बसल्या जागेवरून दुरुस्त करत. पण त्याच लोकांनी राजापार्टला मुजरेही केलेले मी पाहिलेत.

आता मला जे सांगायचं आहे ते. हा राजा रात्री ज्यांनी उभा केला, ते दिवसा गावाच्या वेशीबाहेर ठेवलेले लोक होते. तमाशा वाढवला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. नारायणगावचं नाव महाराष्ट्रभर नेणारा फड ‘भाऊ बापू मांग नारायणगावकर’ या नावाने चाले. जात फलकावर, सगळ्यांना दिसेल अशी. भाऊंची मुलगी विठाबाई, जन्म १९३५ चा. तिला १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. १५ जानेवारी २००२ ला ती गेली, आणि आज राज्य सरकार तिच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. अशा फडांतला नट खुर्चीच्या सिंहासनावर बसून न्याय करी तेव्हा पुढच्या रांगेत गावचे पाटील बसलेले असत. त्याने प्रधानाला “माझ्या राज्यात उपाशी कुणी झोपायचं नाही” असं सुनावलं, की ते वाक्य त्याच्या स्वतःच्या पोटातून आलेलं असे. आपल्या योद्ध्याच्या अंगात न्यायाची जी ओढ आहे, ती या माणसांनी घातली. आपला योद्धा नुसता तलवारबाज झाला नाही, याचं श्रेय त्यांच्याकडे जातं.

काळाप्रमाणे योद्धा बदलत गेला. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले आणि वगाची संहिता आधी लिहून, तपासून, मंजूर करून घ्यायची पद्धत आली. अश्लीलता कमी झाली, तसं राजापार्टचं तोंडही शाईने बांधलं गेलं. पुढे राजाच्या जागी बंडखोर आला. बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांचे वग गावोगाव गाजले. इथल्या प्रेक्षकाला ते परके वाटले नाहीत. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला आणि १८७६ साली पकडला गेला. भीमाशंकरच्या बाजूच्या गावांत त्याचं नाव अजून घेतात. मखमली कोटाऐवजी आम्ही धोतर, मुंडासं आणि घोंगडी देऊ लागलो. हातात तलवारीऐवजी कुऱ्हाड किंवा बंदूक आली. दिलेला शब्द मात्र तोच राहिला.

मोठा घाव पडला तो खेळाच्या वेळेवर. चित्रपटांची गाणी वाढली, रंगबाजी, म्हणजे नाचगाण्याचा भाग, लांबली, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. काही दिवस सवलत मिळते, तीही बारापर्यंतच. वग सगळ्यांत शेवटी, म्हणून कात्री त्याच्यावरच. २०२० आणि २०२१ चे हंगाम कोरोनाने बुडवले, तेव्हा कित्येक राजापार्ट मजुरीला गेले. त्यातले सगळे परत आले नाहीत. आता राहुटीत बसलेले पंच गाणी किती आणि नाचणाऱ्या मुली किती ते आधी विचारतात.

नियम मला मान्य आहे. आजाऱ्याला झोप मिळाली पाहिजे. पण उपाय आपल्या हातात आहे. जुन्नर-आंबेगावच्या यात्रा कमिट्यांनी सुपारी देताना एक अट घालावी: खेळ सातला सुरू, गण-गौळण अर्ध्या तासात, आणि आठच्या आत वग बोर्डावर. रंगबाजी वेळ उरला तर. फडमालकांना हे जमेल, कारण पंच मागतील ते ते देतात. आणि ज्या राजापार्टांनी तीस-चाळीस वर्षं मुकुट घातला, त्यांच्याकडून एकेक वग आजच बोलून, टिपून घ्यावा. कथानक नव्हे, संवाद. कुठे थांबायचं आणि सोंगाड्याला काय उत्तर द्यायचं, ते सगळं. ते काम करायला तयार असलेल्या पोरांना माझ्या दुकानातले सगळे बेत, मापांच्या वह्या आणि त्या दोन बोटांच्या शिवणीचा हिशोब मी देईन. येत्या पाडव्याला राहुट्या पडतील तेव्हा पंचांनी पुन्हा एकदा विचारावं, राजापार्टला कोण आहे. त्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस आपल्याकडे अजून आहे.