भित्र्या श्वानाचे प्रशिक्षण

भित्र्या श्वानाचे प्रशिक्षण म्हणजे विशिष्ट आवाज, माणसे वा जागा यांना घाबरणाऱ्या कुत्र्याचा आत्मविश्वास प्रशिक्षकाच्या साहाय्याने परत मिळवून देण्याची प्रक्रिया होय. शेपूट पायांत घालणे हे भीतीचे लक्षण सर्वपरिचित आहे. वारंवार ओठ चाटणे, अवेळी जांभया देणे ही लक्षणे मात्र पालकाच्या ध्यानात सहसा येत नाहीत. ती ओळखण्यास शिकवणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम.

फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्यास त्यांचा ध्वनिमुद्रित आवाज दिवाळीच्या काही महिने आधीपासून अगदी हळू ऐकवतात आणि लगेच आवडता खाऊ देतात. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम मोडू नये. आवाज अनेक दिवसांत थोडाथोडा वाढवतात; कुत्र्याने खाऊ नाकारल्यास तो पुन्हा कमी करतात. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या एका बालकाची भीती अशाच रीतीने, तो खात असताना ससा हळूहळू जवळ आणून, घालवल्याचे नोंदवले आहे.

गुरगुरणाऱ्या कुत्र्यास मारणे घातक ठरते. त्याने गुरगुरणे थांबते, भीती नव्हे. असा कुत्रा पुढे पूर्वसूचना न देताच चावू शकतो. भीती तीव्र असल्यास पशुवैद्य प्रशिक्षणाला औषधांची जोड देतात.