समुद्रापलीकडची हजेरी

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून पहाटे देवळालीच्या बाजूला धावायला जाणारी मुले आपण सगळेच पाहतो. यांतली काही जण प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या भरतीची तयारी करत असतात. देवळाली कॅम्पला पॅराशूट रेजिमेंटशी जोडलेली ११६वी प्रादेशिक पलटण आहे, त्यामुळे ही सेना त्यांना परकी वाटत नाही. त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो : ‘काका, यातून परदेशी जायला मिळतं का?’ कुणी काँगोचे नाव घेतो, कुणी लेबनॉनचे. शांतिसेनेची निळी टोपी सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे असते.

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधायला आपल्याच मुलखाच्या इतिहासात शंभर वर्षे मागे जावे लागते.

इंग्रजी अमदानीत देवळाली हे गोऱ्या पलटणींचे ये-जा करण्याचे ठाणे होते. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत सोजीर इथे दिवस काढत. कंटाळून डोके फिरायची वेळ येई आणि त्यावरून ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत गेला. तो आपल्या देवळालीचाच अपभ्रंश. गोऱ्या शिपायाला समुद्र म्हणजे घरची वाट. आपल्या शिपायाला मात्र समुद्र म्हणजे घर सुटणे.

हिंदी सैन्यातही तेव्हा राखीव दल होते. काही वर्षे पलटणीत चाकरी करायची, मग गावी येऊन शेती पाहायची. थोडा महिना मिळायचा आणि बोलावणे आले की हजर व्हायचे. १९१४ साली ते बोलावणे आले. नांगर सोडून माणसे डेपोकडे निघाली. कुठे जायचे, हे त्यांना कुणी विचारले नाही.

६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराणी आखाताच्या टोकाशी फाओ येथे सहाव्या डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या उतरल्या. या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन. तिच्या तीन ब्रिगेड पुणे, अहमदनगर आणि बेळगावच्या. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत बहुसंख्य कंपन्या मराठ्यांच्या असल्या, तरी त्यांच्या बरोबरीने दखनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. आमच्या समाजाचा हा इतिहास आम्हीही फारसा सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

त्याच नोव्हेंबरात तुर्कस्तानच्या सुलतानाने, म्हणजे खलिफाने, इंग्रजांविरुद्ध जिहाद पुकारला. दखनी शिपायासमोर आता खलिफाचेच सैन्य उभे होते आणि भूमी होती बगदाद-करबलाची. जिची नावे त्याने लहानपणापासून मोहरमच्या ताबुतांसमोर ऐकलेली. मराठा शिपायाला निदान हा पेच नव्हता. पण ऊन, ताप, हगवण आणि तहान यांनी दोघांना सारखेच गाठले.

बगदादच्या वाटेवर टेसिफोनला फौज अडली आणि मागे फिरून कूत-अल-अमारा येथे कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, वेढा चालला. शिधा संपत आला तेव्हा घोडी कापली गेली. हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या गेल्या, तरी अनेकांनी बराच काळ ते तोंडाला लावले नाही. अखेर सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली. त्यांतली बहुतेक हिंदी होती. वाळवंटातून त्यांना चालवत नेले आणि पुष्कळांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपले. किती तरी जण परत आले नाहीत.

मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगी न सापडलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे. तिथे गोऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि पुढे आकडा एवढेच आले. हा भेदभाव होता, अशी कबुली ब्रिटनमधल्या युद्धस्मारक आयोगाने २०२१ साली दिली आणि माफी मागितली. आपल्याकडेही अनेक गावांत चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी दिसते. इतके पुरुष महायुद्धावर गेले, इतके कामी आले, असे तीवर लिहिलेले असते. तीवरही आकडाच असतो.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. स्वतंत्र भारताने १९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा केला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण किंवा विशेष आदेशाशिवाय या सैनिकाला देशाबाहेर सेवेची सक्ती करता येणार नाही, असे तो कायदा सांगतो. असे प्रसंग थोडे. श्रीलंकेतल्या ‘ऑपरेशन पवन’मध्ये, म्हणजे १९८७ ते १९९० या काळात, प्रादेशिक सेनेचे सैनिक होते. एरवी १९६२, १९६५, १९७१ची युद्धे, काश्मीर आणि ईशान्य हेच तिचे क्षेत्र. मे २०२५मध्ये ३२ पायदळ पलटणींपैकी १४ तैनात करायला मंजुरी मिळाली, तेव्हा त्या यादीत समुद्रापलीकडचे नाव एकच होते, अंदमान-निकोबार.

ही पूर्णवेळ नोकरीही नव्हे. आधी स्वतःचा कामधंदा हवा, मग वर्दी. सेवेवर बोलावलेल्या कामगाराला परत कामावर घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. अंबडच्या कामगाराने हे कलम परदेशाच्या स्वप्नाआधी वाचावे.

कुणाचे स्वप्न मोडावे म्हणून हे सांगत नाही. दूरचा देश पाहावा, ही ओढ तरुणपणी असायचीच. पण सक्तीविना देशाबाहेर न जाण्याचा जो हक्क आज कागदावर सहज वाचता येतो, तो नसताना काय होते, हे कूतला गेलेल्यांनी भोगले आहे.

आणखी एक सांगतो. घरातल्या जुन्या ट्रंकेत पणजोबांचे महायुद्धाचे पदक असेल, तर त्याची कड उजेडात धरून पाहा. तिथे शिपायाचा नंबर, पलटण आणि नाव ठोकलेले असते. गावच्या पाटीवर आणि बसऱ्याच्या भिंतीवर न आलेले नाव तिथे सापडेल. ते वहीत उतरून ठेवा आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)