चोविसाची दिडकी

आमच्या लहानपणी दिवेलागणीला 'शुभं करोति' झाली की लगेच परवचा. आधी देवापुढे बसायचं, मग पाढ्यांपुढे. देव निदान उलटसुलट विचारत नसे!

बरं, एकोणतिसाचा पाढा आला म्हणून सुटका नाही. पुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी अशी मंडळी टपून बसलेली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीनलाच हा मान का, हे विचारायची सोय नव्हती. मुहूर्त साडेतीनच का, असं तरी कोण विचारतं?

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, पाठोपाठ मण-शेर जाऊन किलो आले आणि ही अपूर्णांकांची मंडळी पेन्शनीत निघाली. आम्हां पोरांना पेढे वाटावेसे वाटले.

आता नातू विचारतो, "आजोबा, मोबाइल असताना पाढे कशाला?" मग मी त्याला दिडकीचा इतिहास सांगतो.

एकोणिसाव्या शतकात खेडोपाडी धान्याचं कर्ज वाढीदिढीनं मिळे. पेरणीला मणभर न्यायचं, सुगीला दीड मण घालायचं. नाही जमलं, तर त्या दीड मणावर पुन्हा दिढी. अशा तीन सुग्या गेल्या की एका मणाचे तीन मण पंधरा शेर! सावकाराचा मुलगा हे बोटं न मोजता सांगे, कारण त्याची दिडकी पाठ. कुणब्याच्या मुलाच्या वाट्याला पंतोजी क्वचितच येई. मोठेपणी तो रोख्यावर सहीऐवजी नांगराची निशाणी करी.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे इथे शेतकरी सावकारांवर उठले. दंग्याचं लोण तेव्हाच्या नगर जिल्ह्यातही गेलं. सारावाढ, कापसाचे पडलेले भाव ही कारणं होतीच. पण लोकांनी मागितलं काय? रोखे आणि वह्या! आणि त्या जाळल्या. जो हिशेब आपल्याला तपासताच येत नाही, त्याला काडी लावण्यावाचून माणूस दुसरं काय करणार? पुढे १८७९ च्या कायद्यानं कोर्टांना रोख्यामागचा व्यवहार मुळापासून तपासायला लावलं. म्हणजे शेतकऱ्याची दिडकी अखेर न्यायाधीशांना म्हणावी लागली.

मोबाइलचा गुणाकार चुकत नाही, कबूल. पण गुणाकार करावा, ही शंका आधी डोक्यात यावी लागते. तीस हजारांची वस्तू 'महिना फक्त दीड हजार' म्हणून समोर येते, आणि चोवीस महिने हे खाली बारीक अक्षरांत असतं. चोविसाची दिडकी छत्तीस! ज्याला ती येते, त्याचा हात तिथेच थांबतो. ज्याला येत नाही, तो 'मान्य आहे' वर बोट टेकवून मोकळा होतो.

नांगराच्या निशाणीत आणि त्या बोटात मला तरी फारसा फरक दिसत नाही.